पहिल्या सेटची भवानी

सोलापुरात नवी पेठेत ‘नागप्पांचं मॅचिंग’ कुठं म्हणून विचारलं, तर गर्दीतला कुणीही बोट दाखवेल. नागप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. गल्ल्यावर बसतो तो त्यांचा मुलगा शिवयोगी, पण पेठेला नवी नावं पाठ करायचा कंटाळा आहे. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, परकराचं कापड, एवढाच माल. बाई साडी घेऊन आली की शिवयोगी ती पायरीवर उन्हात धरणार, एक डोळा बारीक करणार आणि आत जाऊन एक तागा ओढणार. रंग जुळला तर ‘बघा’ म्हणणार, नाही जुळला तर उन्हाला नावं ठेवणार.

ह्या दुकानाची एक रीत होती. शिवयोगीची एकुलती एक मुलगी राजनंदिनी जन्मली, त्या दिवशी आजोबांनी, म्हणजे नागप्पांनी, सकाळच्या पहिल्या विक्रीची नोट गल्ल्यात न टाकता तशीच दवाखान्यात नेली आणि बाळाच्या मुठीत दिली. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. लग्नसराई होती, गर्दी होणारच होती, पण नागप्पांना कोण सांगणार! तेव्हापासून भवानी पोरीच्या हातची. शाळेच्या आधी ती दुकानात यायची, पहिल्या गिऱ्हाइकाची नोट घ्यायची, गल्ल्याला लावून आत टाकायची आणि मग दप्तर उचलायची. पुढं ती टेनिस खेळायला गावोगाव हिंडू लागली, तेव्हा शिवयोगीनं त्यावरही तोड काढली. दुकानात दोन क्यूआर लावले, एक तिच्या खात्याचा, एक दुकानाचा. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक तिच्या क्यूआरवर, बाकीची दुनिया दुकानाच्या. ती कुठल्याही गावात असो, फोन वाजला की तिला कळायचं, नवी पेठ उघडली.

भवानीच कशाला, घरात नवं काही सुरू करायचं तर तिच्याच नावानं. स्कूटर तिच्या नावावर, दुकानातल्या फोनचं सिम तिच्या नावावर. पोरीचा हात लागला की बरकत येते, ह्याबद्दल शिवयोगीच्या मनात तिळभर शंका नव्हती. सगळं बिघडलं ते ह्या श्रद्धेपायी, आणि श्रद्धेत त्याची लबाडी काडीची नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माणूस मुळात फार हळवा. पोरगी सात-आठ वर्षांची असल्यापासून त्यानंच तिला स्कूटरवर पुढं उभी करून क्लबच्या कोर्टावर नेलं, सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून तिचा प्रत्येक चेंडू बघितला. ती हरली की हिचं काय व्हायचं ते असो, ह्याचं जेवण जाई. निळ्या साडीला हिरवं अस्तर कापून देई. एकदा तिची मॅच बार्शीच्या पोरीनं हिसकावून घेतली, तर हा घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपला. त्याची बायको दाक्षायणी म्हणायची, “खेळती ती आन ताप तुमाला. होगली बिडु!” होगली बिडु म्हणजे कानडीत जाऊ द्या, सोडा. दाक्षायणीचं माहेर दुधनीचं. दूध उतू गेलं काय, वीज गेली काय, तिचं एकच औषध, होगली बिडु.

हळूहळू असं झालं की राजनंदिनी हरली तर आधी आईला फोन करू लागली. “अप्पांना हळूच सांग,” म्हणायची. एकदा फोन स्पीकरवर होता आणि शिवयोगीनं ते ऐकलं. आपण पोरीला जड झालो आहोत, हे त्याला तेव्हा समजलं. हरल्यावर तिनं स्वतःला सावरायचं की बापाला? त्यानं मनाशी ठरवलं, आता दुखवून घ्यायचं नाही. पण ठरवून दुखायचं थांबत असतं तर डॉक्टर उपाशी मेले असते.

अशा दिवसांत समोरच्या कटलरीच्या दुकानातला ज्ञानू फोन नाचवत आला.

“शिवूअण्णा, दिसभर माश्या मारत बसताय, त्यापरीस ह्ये बघा की. जुगार न्हाय हं. आपलं मत मांडायचं.”

तेव्हा असली ॲपं उघड चालत. बंदी पुढं आली. ज्ञानू क्रिकेटवर मत मांडायचा. शिवयोगीला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोट फिरवता फिरवता त्याला टेनिस दिसलं. कुठं तुर्कस्तानात, कुठं ट्युनिसियात, त्याच्या पोरीसारख्याच पोरी कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या स्पर्धा खेळत होत्या, आणि प्रत्येकीच्या नावाखाली एका ओळीचा प्रश्न होता. ही पहिला सेट जिंकेल का? खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. ‘हो’ सहा रुपयांना असेल तर ‘नाही’ चारला. मत खरं ठरलं तर दहा मिळणार, खोटं ठरलं तर घातलेलं गेलं. लोकांचं मत फिरेल तसा भाव फिरायचा, मंडईत कांद्याचा फिरतो तसा.

पूर्ण मॅचवरही मत मांडता येत होतं, पण शिवयोगीला पहिला सेटच पटला. पहिला सेट म्हणजे मॅचची भवानी. ती कुणाच्या हातची, एवढंच सांगायचं. आणि नवं खातं उघडायचं म्हटल्यावर त्यानं दुसरा विचारच केला नाही. पॅनकार्ड राजनंदिनीचं, बँकेचं खातं राजनंदिनीचं, सिम तिच्या नावावर आधीपासूनच. मुहूर्त तिच्या नावानं झाला. तिला सांगायचं राहिलं. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलंही नाही. क्यूआर लावताना तरी कुठं विचारलं होतं?

मग त्याचे दिवस तसे जाऊ लागले. दुकानात गिऱ्हाईक कमीच, बायका आता तयार ब्लाऊज घेतात. पूर्वी रिकाम्या दुकानाची त्याला लाज वाटायची, रस्त्यावरून ओळखीचं कुणी गेलं तर उगीच तागे खालीवर करायचा. आता तो फोन मांडीवर घेऊन बसे. हिरव्या आडव्या पट्टीवर एक ठिपका इकडून तिकडं सरके, आकडे बदलत. चित्र नाही, आवाज नाही. पहिला सेट संपला की तो दुसरी मॅच उघडे. पहिलीतली ती पोरगी पुढं जिंकली की हरली, त्याला पत्ता नसे. पैसे आले तरी ‘हं’, गेले तरी ‘हं’. रकमा मोठ्या नव्हत्या, आणि ॲपमध्येच फिरत, म्हणून राजनंदिनीच्या फोनवर काही वाजत नसे. त्यापायी घर बुडालं वगैरे काही झालं नाही. बुडालं ते दुसरंच.

एके दिवशी त्या यादीत राजनंदिनीचं नाव आलं.

शिवयोगी बघतच राहिला. त्याची पोरगी, शाळेतलं पूर्ण नाव, शेजारी तिरंगा, आणि खाली प्रश्न. ही पहिला सेट जिंकेल का? तिच्या ‘हो’चा भाव बरा होता. म्हणजे जगात कुठंतरी माणसं तिच्यावर भरवसा ठेवून बसली होती. त्याचं बोट ‘हो’कडंच गेलं होतं. पण सकाळीच तिचा फोन आला होता आणि बोलता बोलता ती म्हणाली होती, “मनगट जरा जड झालंय अप्पा, होईल बरं.” ते त्याला आठवलं. त्यानं बोट उचललं आणि ‘नाही’ दाबलं.

ती पहिला सेट हरली. पुढं मॅचही हरली.

शिवयोगी नेहमीच्या दुखण्याची वाट बघत बसला. पोटातला खड्डा काही पडला नाही. फोनवर हिरवी पाटी आली, आपलं मत बरोबर ठरलं. त्यानं दुपारी डबा उघडला आणि दोन भाकरी शेंगाचटणीशी खाल्ल्या. संध्याकाळी पोरीला स्वतः फोन केला. “होतंय की गं. पुढल्या बारीला बघू,” म्हणाला. ती म्हणाली, “अप्पा, तुमी बरे आहात ना?” तिला बरं वाटलं असावं. त्याला औषध सापडलं होतं.

तेव्हापासून तिचं नाव ॲपवर दिसलं की तो ‘नाही’ लावायचा. हिशेब साधा होता. ती जिंकली तर पोरगी जिंकली, गेलेले पैसे ओवाळून टाकले समजायचं. हरली तर निदान चार पैसे घरात आले. दोन्हीकडून मऊ. कुठल्याही अंगावर पडलं तरी लागत नव्हतं.

पण दात दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलं की ओठही आपले राहत नाहीत. इंदूरला राजनंदिनीनं पहिल्यांदाच मोठ्या नावाच्या मुलीला हरवलं. दाक्षायणी पेढे घेऊन दुकानात आली, ज्ञानूला दिले, रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला दिले. शिवयोगीनं पेढा तोंडात टाकला. गोड होता. त्यापलीकडं त्याला काही वाटलं नाही. वाटत नाही ह्याचंही काही वाटलं नाही. तो अबोली रंगाचं अस्तर मापत राहिला.

“पोरगी जिंकली की हो!” दाक्षायणी म्हणाली. “आन तुमी मयताला आल्यागत बसलाय.”

“ऐकलं की,” तो म्हणाला. “लई चांगलं झालं.”

दाक्षायणीनं खोक्याचं झाकण लावलं. मग उरलेले पेढे घेऊन ती घरी गेली.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. भर दुपारी राजनंदिनीचा फोन आला, आणि तो आईला न येता त्याला आला.

“अप्पा,” ती म्हणाली, “माझ्या नावानं कुणीतरी पैसे लावलेत. माझ्याच मॅचवर.”

शिवयोगीच्या हातात कात्री होती.

“मी हरणार म्हणून लावलेत, अप्पा. आणि मी हरलेच होते. ते म्हणतायत मी मुद्दाम हरले. माझा फोन घेऊन गेले. चौकशी होईस्तोवर खेळायचं नाही म्हणून सांगितलंय.” तिचा आवाज सपाट होता. “दोष लागला तर कायमची बंदी येते. कायमची.”

टेनिसमध्ये अशा गोष्टींवर डोळा ठेवणारं एक परदेशी कार्यालय असतं, खेळाडूनं तर सोडाच, त्याच्या आईबापांनीही कुठल्याच टेनिसवर दमडी लावायची नसते, हे शिवयोगीला त्या दिवशी कळलं. त्याच क्षणी त्यानं बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. मीच लावले, बाळ. पण तो म्हणाला, “ये घरी. बघू,” आणि फोन ठेवून अर्धवट कापलेलं अस्तर पूर्ण कापलं. सरळ कापलं, हात हललासुद्धा नाही. वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. कळण्यापुरतंच ते होतं.

राजनंदिनी एसटीनं घरी आली. रॅकेटची बॅग तिनं कपाटावर टाकली आणि ती संशय घेऊ लागली. आधी कोचचा घेतला. मग वैष्णवीचा. वैष्णवी म्हणजे स्पर्धांच्या गावी तिच्याबरोबर एका खोलीत राहणारी, एका ताटात जेवणारी मैत्रीण. “पॅनकार्ड माझ्या पाकिटातच असायचं. तिच्याशिवाय कुणी बघणार?” असं म्हणून तिनं वैष्णवीला फोनवर नको नको ते बोलून घेतलं आणि तिचा नंबरच काढून टाकला. शिवयोगी शेजारच्या खोलीत शर्टाची बटणं लावत होता. त्यानं सगळं ऐकलं. वरच्या बटणापर्यंत गेला आणि दुकानात निघून गेला. ताकास तूर लागू दिली नाही. उद्या सांगू, असं तो रोज स्वतःला सांगे, आणि उद्या काही उजाडत नसे. भित्रेपणा म्हणावा तर भीतीसुद्धा वाटत नव्हती त्याला.

चौकशी व्हिडिओवर झाली. दुकानाच्या माळ्यावर नेट चांगलं येतं म्हणून राजनंदिनी तिथंच लॅपटॉप मांडून बसली. पलीकडं दोन परदेशी माणसं आणि पुण्याहून बोलणारी एक दुभाषी बाई होती, कारण घरच्यांनाही हजर राहायला सांगितलं होतं. दाक्षायणी जिन्याच्या तोंडाशी बसली. शिवयोगी मागं ताग्यांच्या थप्पीला टेकून उभा राहिला, पडद्यात त्याचा फक्त खांदा दिसत होता.

त्यांनी खूप विचारलं. राजनंदिनीनं खूप सांगितलं. कोच, वैष्णवी, हॉटेलातली खोली. मग त्यांनी एक नंबर वाचून दाखवला आणि विचारलं, खातं ह्या नंबरवर उघडलंय, हा फोन कुणाकडं असतो?

“दुकानात असतो,” राजनंदिनी म्हणाली. “माझे वडील वापरतात.”

तुझे वडील हे करू शकतात का?

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा राजनंदिनी हसली. इंग्रजी सोडून मराठीतच बोलली, जणू त्या माणसांना नव्हे, घरातल्यांनाच सांगत होती. “माझे अप्पा? मी हरले की ते जेवत नाहीत हो. ते कशाला लावतील माझ्या विरुद्ध?”

दुभाषी बाई त्याचं इंग्रजी करू लागली. तेवढ्यात शिवयोगी ताग्यांपासून सुटला आणि पडद्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं काही ठरवलं नव्हतं. पोरीचं ते हसू तसंच पुढं जाऊ देणं त्याला जमलं नाही, एवढंच.

“मी लावले,” तो म्हणाला. “खातं मीच काढलं. हिला काय म्हाईत न्हाय. हिच्या नावानं दुकान उघडतो, तसंच त्ये पण उघडलं.”

तेवढ्याचं इंग्रजी झालं. मग दुभाषी बाईनं शाळेतल्या धड्यासारख्या मराठीत विचारलं, “आपली कन्या पराभूत होईल, हाच पर्याय आपण का निवडलात?”

“हो लावून ती हरली असती तर मी दोनदा हरलो असतो की,” शिवयोगी म्हणाला. “नाही लावलं की काय होतंय, ती जिकली तर ती जिकती, हरली तर मी जिकतो. घरात कायतरी एक येतंच. मग दुखत न्हाय. मला लई दुखायचं, बाई. तेवढ्यासाठी लावलं.”

ह्या सगळ्याचं इंग्रजी बाईनं फार थोड्यात केलं.

राजनंदिनीनं मागं वळून बापाकडं पाहिलं नाही. पडद्याकडं बघतच तिनं विचारलं, “ती एकच मॅच, का बाकीच्यापण?”

“तू ॲपवर दिसलीस तेवढ्या सगळ्या.”

“इंदूरची?”

“ती पण.”

तिनं मान हलवली, रंग पसंत नसलेलं गिऱ्हाईक हलवतं तशी. जिन्यावरून दाक्षायणी म्हणाली, “कुंपणानंच शेत खाल्लं की हो.” ती पुढं होगली बिडु म्हणेल म्हणून शिवयोगी थांबला. ती उठून खाली गेली.

त्याचा फोन तपासला गेला, त्याचं म्हणणं खरं निघालं. राजनंदिनी सुटली, पण आपली कागदपत्रं आणि आपलं खातं सांभाळलं नाही म्हणून काही महिने खेळायचं नाही, अशी शिक्षा तिला झालीच. शिवयोगीला त्यांनी कळवलं की कुठल्याही अधिकृत स्पर्धेच्या आवारात आपण यापुढं पाऊल ठेवायचं नाही. त्यानं दाराला रोज कडी लावतो तसं हेही मान्य केलं.

राजनंदिनी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं वैष्णवीला फोन करून माफी मागितली; वैष्णवीनं ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. स्कूटरवरून ती पहाटे एकटीच सरावाला जाऊ लागली. दुकानाकडं तिनं पाय वळवला नाही, आणि बँकेतलं ते खातंच बंद करून टाकलं. तिच्या क्यूआरचा पुठ्ठा मात्र गल्ल्यावर तसाच उभा होता. नवखं गिऱ्हाईक तो स्कॅन करी आणि “चालंना की हे” म्हणे. शिवयोगीला तो काढवेना. भवानी आता बेवारशी होत होती. पहिली नोट तो स्वतः हातात घेत नसे, गिऱ्हाइकालाच म्हणे, “टाका त्या गल्ल्यात.” लोकांना वाटे, काहीतरी नवं खूळ.

शिक्षा संपली आणि त्याच सुमाराला सोलापुरातच स्पर्धा आली. पोरीचं नाव गावच्या पेपरात छापून आलं. सकाळी ती बॅग घेऊन निघाली, आईच्या पाया पडली. दारात शिवयोगी उभा होता. ती थबकली, वाकली, त्याच्या पायाला बोटं लावली आणि गेली.

त्यानं दुकान उघडलं नाही. चालत मैदानापर्यंत गेला. आत जायची बंदी, म्हणून कुंपणाच्या भिंतीबाहेर, लिंबाच्या झाडाशी उभा राहिला. भिंत उंच होती. आतून चेंडूचे आवाज येत होते, ठप, ठप, मग मधेच पंचाचं काहीतरी बोलणं, मग टाळ्या. तो चेंडूचा आवाज त्याच्या ओळखीचा होता, पण गुण कुणाला मिळाला ते त्यावरून कळत नाही. टाळ्यांवरून ओळखावं म्हटलं तर गावची माणसं तिनं चांगलं खेळून गुण गमावला तरी वाजवणारच. फोन खिशात होता. त्यानं तो काढला नाही.

थोड्या वेळानं त्याच्या पोटात पिळवटू लागलं. आधी वाटलं उपाशी आहोत म्हणून असेल. मग त्याला ओळख पटली. तेच ते जुनं दुखणं होतं, सिमेंटच्या पायऱ्यांवरचं. आज त्याच्याजवळ ‘नाही’ नव्हतं, मऊ काहीच नव्हतं, आणि आत त्याची पोरगी उघड्यावर खेळत होती. त्याला दुखलं. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम दुखलं, इंदूरच्या पेढ्याचंसुद्धा, वैष्णवीचंसुद्धा. झाडाच्या बुंध्याला हात लावून तो खाली बसला. आत एकदा लांबलचक टाळ्या झाल्या. एक सेट संपला असावा. कुणाचा, देवाला ठाऊक. पुढं बसवेना, तसा तो उठला, पेठेत आला आणि कलत्या दुपारी दुकानाचं शटर वर केलं.

दिवे लागायच्या वेळेला राजनंदिनी आली. खांद्यावर बॅग, केस ओले. कितीतरी महिन्यांनी ती दुकानाची पायरी चढली होती.

“हरले, अप्पा,” ती म्हणाली. “तीन सेट झाले.”

तीन सेट, म्हणजे एक तिनं घेतला होता. पहिला किंवा दुसरा.

“पहिला?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. माळ्यावरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ पाहिलं. “ते मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “आणि तुमीपण बघायचं नाही. कुणाला विचारायचं नाही.”

“नाही बघत.”

“कधीच नाही.”

“नाही गं.”

एवढ्यात पायरीवरून महेश्वरी आत आली. गल्लीत शिलाई करणारी, पेठेतली जुनी बाई. राजनंदिनीला परकरात असल्यापासून ओळखणारी. तिनं पिशवीतून मोरपिशी साडी काढली, ह्याला अस्तर द्या म्हणाली, आणि मग तिचं पोरीकडं लक्ष गेलं.

“अगं बया, तू हायस व्हय! दुकान आत्ताच उघडलंय जणू. भवानी व्हायचीय का अजून? मग घे की बाय, तुझ्या हातची.” आणि तिनं नोट राजनंदिनीपुढं धरली.

राजनंदिनीनं बॅगेच्या पट्ट्यावरचे हात काढले नाहीत. “मला नको, मावशी. अप्पांच्या हातात द्या.”

महेश्वरीनं नोट तिकडं वळवली. शिवयोगीनं सवयीनं हात मागं घेतला, गल्ल्याकडं बोट केलं. “हितं टाका की...”

“घ्या, अप्पा,” राजनंदिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, लाडही नव्हता. “तुमच्या हातानं घ्या. आता चांगलं झालं तरी तुमचं, वाईट झालं तरी तुमचं.”

शिवयोगीनं हात पुढं केला. आयुष्याची इतकी वर्षं ह्या गल्ल्यावर गेली, पण राजनंदिनी जन्मल्यापासून दिवसाची पहिली नोट त्याच्या तळव्यावर कधी पडली नव्हती. त्यानं नोट गल्ल्याला लावली, आत टाकली. मग तिच्या नावाचा तो क्यूआरचा पुठ्ठा उचलून खालच्या खणात ठेवला. डोळे भरून वाहायला लागले, ते त्यानं पुसले नाहीत. वाहू दिले.

साडी घेऊन तो सवयीनं पायरीकडं निघाला, पण बाहेर ऊन राहिलं नव्हतं. तो तसाच परत फिरला आणि मोरपिशी तागा शोधू लागला. हात निळ्यावर जाई, हिरव्यावर जाई. त्याला नीट दिसत नव्हतं. मग राजनंदिनीनं बॅग खाली ठेवली, आत आली आणि मोरपिशी तागा ओढून त्याच्यापुढं टाकला.